लाल बटणाचा चहा

नांदेड स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं. हौस म्हणून नव्हे. ते बॅगेत मावत नाही, आणि हातात धरलं तर लोक त्यात शेंगांची टरफलं टाकतात. कारखान्यांत जाऊन कामगारांना जपून काम कसं करावं ते शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. थोडक्यात, पगार घेऊन मी लोकांना घाबरवते.

नायगावच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायचा कारखाना) माझं भाषण इतक्या शांतपणे ऐकलं गेलं की दोघं झोपले. नंतर तहरी (मसालेदार पिवळा भात) मात्र अशी खाऊ घातली की राग धरवेना. पुढं लातूरच्या एसटीत कंडक्टरनं हेल्मेटकडे पाहून सल्ला दिला, "घालूनच बसा मॅडम, रस्ता लई खराब हाय." अहमदपूर येईपर्यंत माझं डोकं दोनदा टपाला लागलं. कंडक्टरनं फक्त भुवई उडवली.

दुसऱ्या दिवशी लातुरात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) खाऊन डाळमिल गाठली. मालक अप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं गोड, चहा बिनसाखरेचा. आत तुरीच्या भुशाचा धुरळा आणि कानठळ्या बसवणारी घरघर. गरगर फिरणाऱ्या लांब पट्ट्याशेजारी अख्खी मिल झटक्यात बंद करणारं लाल बटण होतं, अगदी कोरं करकरीत. इथं कुणाचं बोट लागलेलं दिसत नाही, अशी मला शंका आली.

चौकशी केली तर रीत कळली. अप्पांच्या वडिलांनी गमतीत घालून दिलेली: ज्याच्या हातानं मिल थांबेल, त्यानं सगळ्या मिलला चहा पाजायचा. म्हणून कोणी थांबवतच नाही. गेल्या वर्षी पट्ट्यावर काम करणाऱ्या नागनाथची बाही आत ओढली गेली. बटणाजवळचा माणूस घुटमळला. तेव्हा अडकलेला नागनाथच ओरडला, "दाब की रे, चहा माझ्याकडून." हात वाचला, एक बोट अर्धं गेलं. आणि दवाखान्यातून परतल्यावर पठ्ठ्यानं खरंच सगळ्यांना चहा पाजला. हे सांगताना सगळे हसत होते, नागनाथ सगळ्यात जास्त. मीही हसले, पण मनात आलं, उद्या याचा अख्खा हात गेला, जीव गेला, तरी हे आधी चहाचाच विचार करणार.

असल्या लोकांना भाषण देऊन काय डोंबल होणार? मी सरळ जाऊन बटण दाबलं. मिल गप्प झाली आणि चारी बाजूंनी ओरडा झाला, चहा मॅडमकडून. पाजला. कप हातात असतानाच अप्पांना म्हटलं, रीत मोडू नका, फक्त पाजणारा बदला. बटण कोणीही दाबो, चहा तुमच्याकडून. अप्पांचा चेहराच पडला. हे दिवसभर चहाच ढोसत बसतील, म्हणाले. बसू द्या, मी म्हटलं. ते काही केल्या ऐकेनात, माझाही आवाज चढला. तेवढ्यात नागनाथ पुढं आला. ते आखूड बोट अप्पांसमोर धरून हळूच म्हणाला, "अप्पा, आता नऊच हायेत."

अप्पांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं. चहा माझा."

मी पुण्याला परतले आणि थोड्याच दिवसांत अप्पांचा फोन आला. तक्रारच. कुणी पट्ट्याजवळ चिमणी बसली म्हणून मिल थांबवतो, कुणाला शिंक आली म्हणून. "नुसते चहा पिऊन राहिले मॅडम. माझं दिवाळं काढता तुम्ही." मी माफी मागणार, तोच त्यांचा आवाज खाली आला. सकाळी नागनाथच्या गळ्यातलं उपरणं पट्ट्यात गेलं होतं. बटणावर एकदम चौघांचे हात पडले.

इतकी वर्षं गावोगाव भीती घालत फिरले, आणि हात धावले ते फुकटच्या चहाच्या सवयीनं. कसाबसा धीर करून विचारलं, नागनाथ कसा आहे?

"त्याला काय धाड भरलीय," अप्पा म्हणाले. "चौघांनी बटण दाबलं तर चहा चारदा पाहिजे, म्हणून तोच भांडून राहिला."