पुस्तकाशी भांडणाऱ्या मावशी

नवागामात आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशी दिवसभर साड्यांना लेस लावतात आणि संध्याकाळी पुस्तकाशी भांडतात. भिंतीपलीकडून त्यांचा चढा आवाज येतो, "कोनी सांगं तुले हाई? पुरावा दे ना!" मग मी टीव्ही बंद करून ऐकत बसते.

त्यांच्या शोकेसमध्ये इतिहासाची सगळी वादग्रस्त पुस्तकं आहेत. परवा मी त्यांच्याकडे चहा घेत असताना सोसायटीचे प्रमुख आले. ज्याचं नाव काढलं तरी आमच्याकडे माणसं भडकतात, अशा एका बादशहाची बाजू घेणारं पुस्तक त्यांना काचेतून दिसलं.

"असलं घरात ठेवता? लोक तुम्हाला त्याच्याच बाजूच्या समजतील."

मी घाईने कप खाली ठेवला. मावशींनी मात्र हातातली साडी बाजूला सारली आणि पुस्तक काढलं. "बठा ना भाऊ. मी वाचते, खोटं वाटेल तिथं मला थांबवा."

पहिल्याच पानावर प्रमुखांनी थांबवलं. पुढे एका ठिकाणी मावशींनीच लेखकाला झापलं. मग दोघांचीच अशी जुंपली, की दारात अर्धी सोसायटी जमली आणि माझा चहा गार झाला.

"मला यातलं एक अक्षर पटलं नाही," प्रमुख उठता उठता म्हणाले.

"मला तरी कुठं सगळं पटतंय?" मावशी म्हणाल्या. "म्हणून तर विकत घेतलं."

दुसऱ्या दिवशी मावशींचा स्वयंपाकही उरकला नव्हता, तोच प्रमुख चष्मा चढवून दारात हजर. "पुढचं वाचा," ते म्हणाले.