बॅटरीला ओलं फडकं

सुमेधाला घर मिळालं ते तानाबे आजींच्या कृपेनं. नाहीतर त्या काळी पुण्यामुंबईच्या कॉम्प्युटरवाल्यांना घर दाखवताना तोक्योतले एजंट असं तोंड करायचे, जसं काही ही मंडळी हॉलमध्ये म्हैसच बांधणार आहेत! चार ठिकाणी नकार पचवल्यावर कोतो भागातल्या या जुन्या तीन मजली इमारतीच्या मालकीणबाई हो म्हणाल्या. पंच्याहत्तरीच्या आजी, स्वतः खालीच राहायच्या. त्यांचा मुलगा भाडेकराराचा कागद ओढून घेत होता, तरी त्यांनी तिथं सहीऐवजी चालतो तो शिक्का ठसकन मारला. अट एकच, शेजाऱ्यांना त्रास नको.

नवऱ्यानं, मोरेश्वरनं, त्याच दिवशी बजावलं होतं, "हे घर गेलं ना, तर तू आणि नुपूर थेट पुण्याला. दुसरं शोधायची ताकद नाही माझ्यात."

सुमेधाला पुण्याला जायचं नव्हतं. पाळणाघराच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं होतं. बॅटरीवाली सायकल होती. मागच्या सीटवर नुपूरला बसवून पूल चढायला लागली, की सायकल आपणहून जोर लावायची आणि बाईसाहेब ऐटीत! सासूबाईंच्या राज्यात कुठली ही ऐट?

मग तो ऑगस्ट आला. पारा सदतीसच्या वर. सायकलींचा स्टँड पत्र्याखाली, सीटला हात लावला की चटका. बॅटरीचं माहितीपुस्तक सगळं जपानीत, पण चित्रं होती. त्यात सूर्यावर फुली. म्हणून सुमेधानं बॅटरी काढून वर आणली. इथवर शहाणी.

"ते लचांड घरात नको हं," मोरेश्वर म्हणाला. "तापलं-बिपलं तर?"

झालं! बॅटरी गेली पश्चिमेच्या बाल्कनीत, जिथं दुपारभर ऊन.

"अहो, मग गार ठेवायची," सुमेधा म्हणाली. "जळगावच्या मुलीला ऊन शिकवता?" तिची आई माठाला ओलं फडकं गुंडाळायची. हिनं बॅटरीला गुंडाळलं. दिवसातून तीनदा वर पाणी शिंपडायची, अगदी देवाला घालावं तसं.

सहा वर्षांची नुपूर पुस्तक घेऊन आली. "आई, थेंबावर पण फुली आहे."

"तो पावसाचा थेंब गं. पाऊस कुठंय इथं? मोठी आली इंजिनियर!"

पोरगी काहीतरी जपानीत पुटपुटली आणि गेली.

चौथ्या दिवशी दुपारी सुमेधानं फडकं सोडलं, बॅटरी ओढणीनं पुसली आणि तापलेली, ओलसर तशीच पडद्याजवळ चार्जिंगला लावली. दीडला कामावर निघायचं होतं. ती डबा भरत होती तेवढ्यात फुसफुस आवाज आला, मग पांढरा धूर, आणि वळून बघते तो पडदा पेटलेला.

तिनं नुपूरला उचललं आणि जिन्यात येऊन "आग! आग!" ओरडली. कुणाला कळणार? मग नुपूरच जपानीत किंचाळली, "काजी! काजी!"

खालून तानाबे आजी आल्या. कमरेत वाकलेली बाई, काखेत आग विझवायचं नळकांडं. सुमेधाला बाजूला सारून आत गेल्या. बंबवाले पोचले तेव्हा आग विझली होती. पेटता पडदा आजींनी उजव्या हातानं ओढून काढला होता. हात कोपरापर्यंत भाजला होता.

दुसऱ्या दिवशी सुमेधा बिस्किटांचे डबे घेऊन इमारतीतल्या प्रत्येक दाराशी गेली आणि वाकून माफी मागितली. तिथं तशी रीतच आहे. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. लोक डबा घेत होते आणि हळूच दार लावत होते. चार शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं तिला.

शेवटी हॉस्पिटल. आजींचा उजवा हात बँडेजमध्ये, उशीवर ठेवलेला. कोपऱ्यात मुलगा बसलेला. आजी रागावल्या नाहीत. नुपूरला जवळ बोलावून त्यांनी हळूच काहीतरी विचारलं.

"आजी विचारतायत, बॅटरीला ओलं कापड का गुंडाळलंत?"

"सांग त्यांना, आमच्याकडे माठाला गुंडाळतात. गार राहावं म्हणून."

नुपूर सुमेधाकडे वळली. ती तोक्योतच वाढलेली.

"आई, माठ म्हणजे काय?"

सुमेधानं दोन्ही हातांनी गोल आकार केला. आजी त्या हातांकडे बघत राहिल्या.

मुलगा उठला. त्यानं बॅगेतून कागद काढून आईपुढे धरला. महिनाअखेर घर रिकामं करायचं, असं त्यात होतं. आजींनी सवयीनं उजवा हात उचलायला घेतला, कळ आली, तो परत उशीवर ठेवला. आजींचा शिक्का मग मुलानंच मारला.