फारुखभाईंचं न मावळणारं 'आज'

साखरखेर्ड्याच्या आठवडी बाजारात फारुखभाई कलईवाल्यांनी हाळी दिली की म्हशीसुद्धा माना वळवतात, असं लोक म्हणतात. म्हशींचं सोडा, माणसं नक्की वळवतात. काळंठिक्कर पितळी पातेलं भट्टीवर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरवायचा; पांढऱ्या धुरातून पातेलं चांदीचं होऊन बाहेर येतं. पण फारुखभाईंना कलईपेक्षाही अभिमान आहे तो आपल्या जबानीचा. एकदा एका लग्नाची भांडी "सकाळी देतो" म्हणाले आणि अंगात ताप भरला. सकाळी नवरदेवाच्या आधी भांडी मांडवात हजर होती, आणि ती आणणाऱ्या टेम्पोत भांड्यांच्या मधोमध, घोंगडी पांघरलेले फारुखभाई.

त्यांची बायको नजमुन्निसा. घरात दोघं उर्दूत भांडतात, दुकानात वऱ्हाडीत. भांडण तेच असतं, भाषा फक्त गिऱ्हाइकाच्या सोयीने बदलते. स्टीलने आणि नॉनस्टिकने धंदा बसायला लागला तेव्हा तिनेच मोबाइल पुढे केला.

"बाजारात बोंबलता ते याच्यात बोंबला," ती म्हणाली. "गळा तेवढाच दुखते, पण दूरवर जाते."

फारुखभाईंनी टोपी नीट केली, एक पातेलं धुरातून चमकवून काढलं, छातीवर हात ठेवला आणि नेहमीची हाळी दिली. "आज! फक्त आज! एका भांड्याले कलई फुकट! भांडं आणा, चमकवून न्या! फारुखची जबान हाय!"

बाजारातल्या हाळीचं एक बरं असतं. सूर्य मावळला, पालं उठली की तीही विरून जाते. मोबाइलमध्ये सूर्य मावळत नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

नजमुन्निसाने व्हिडिओ मेहकरच्या बहिणीला पाठवला. बहिणीने तो बचत गटात टाकला. गटातल्या एकीने भजनी मंडळात, मंडळाच्या पेटीवाल्याने आपल्या साडूला. साडू बुलढाण्याला कचेरीत. तिथून तो व्हिडिओ किती टेबलांवरून फिरला ते देव जाणे, पण एवढ्या वेगाने कागद फिरले असते तर जिल्ह्याचं भलं झालं असतं. धूर, चांदी आणि फुकट, तिन्ही एकाच जागी दिसल्यावर कोणाचं बोट थांबतं?

पहिल्या दिवशी रांग लागली. फारुखभाई खूश. दुसऱ्या दिवशीही लागली.

"ते काल होतं," फारुखभाई म्हणाले.

"काल काऊन? तुमीच तर म्हणून राह्यले, आज!" रांगेतल्या पहिल्याने मोबाइल त्यांच्या नाकाशी धरला. आत फारुखभाई छातीवर हात ठेवून जबान देत होते. आता स्वतःच्याच तोंडाला माणूस खोटं कसं पाडणार?

मग रोजच 'आज' उजाडायला लागलं. पावसाळा सरला, तरी येणारे येतच होते. भट्टीला वारा घालणारा मुठीचा भाता फिरवून फिरवून फारुखभाईंचा खांदा धरला. कथील संपत आलं. नजमुन्निसाने 'कलई फुकट बंद' असा नवा व्हिडिओ काढला. बहिणीने तो पाहिला, अंगठा दाखवला आणि तिथेच ठेवला. काही बंद झाल्याची खबर कोण कशाला पुढे ढकलेल?

"सरळ नाय म्हना की!" नजमुन्निसा वैतागली.

"कसा म्हनू? माह्या तोंडानं सांगेल हाय."

अशात शेजारच्या गावाहून अन्नपूर्णाबाई आल्या. टेम्पोने आल्या, कारण त्यांनी आणलेलं एक भांडं एसटीत मावत नव्हतं. गावपंगतीचा पितळी गंज होता तो. आत बसून दोन माणसांना निवांत पत्ते खेळता आले असते.

"बाई, हे भांडं हाय का हौद?"

"व्हिडिओत मापाचं काही सांगेल नाय, भाऊ."

फारुखभाईंनी गंजाकडे पाहिलं, मग कथलाच्या उरलेल्या कांड्यांकडे, मग बायकोकडे. बायको छताच्या पत्र्याकडे पाहत होती.

"आना आत," ते शेवटी म्हणाले. "पन माहा खांदा गेला. भाता कोन फिरवन?"

"मंग?"

"मंग तुमी फिरवा."

अन्नपूर्णाबाईंनी पदर खोचला, भात्याची मूठ धरली. मूठ फिरायला लागली तशी जीभही फिरायला लागली. "फुकट म्हनून बोलावता अन् बाईमानसाले भाता फिरवायले लावता? माह्या सासूनं इतकं राबवलं नाय मले!"

"हात थांबवू नका बाई, इंगळ इझून राह्यला."

"तुमची जबान लंबी अन् दंड माहे दुखून राह्यले!"

"अर्धाच झाला अजून."

"अर्धा? ऱ्हाऊ द्या मंग! अर्धं गाव कढी पिईन, अर्धं नुसतं पाहीन!"

गंज झळाळला तेव्हा कथलाची शेवटची कांडीही संपली होती. नजमुन्निसाने मात्र सवयीने सगळं टिपलं होतं. तिने ते अन्नपूर्णाबाईंना दाखवलं. बाईंनी तीनदा पाहिलं.

"पदर बरा दिसून राह्यला," त्या म्हणाल्या. "टाका."

हा व्हिडिओ पहिल्याच्याही पुढे पळाला. फुकट पाहून लोक एकदा पाठवतात. भांडण पाहून आधी पोट धरून हसतात, मग घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं पाठवतात. त्याबरोबर एक गोष्ट आपसूक गावोगाव पोचली. साखरखेर्ड्याला कलई फुकट आहे, पण भाता ज्याचा त्याने फिरवायचा.

नुसत्या फुकटासाठी येणारे घरी बसले. दुसरेच यायला लागले. ते पाच-सहा भांडी आणत, एकासाठी भाता फिरवत, बाकीच्यांचे पैसे मोजत आणि भात्यापाशी फोटो काढत. कथलाच्या नव्या कांड्या आल्या. बाजाराच्या दिवशी तर अन्नपूर्णाबाई स्वतः येऊन बसतात. मूठ कशी धरायची ते दाखवतात, चुकलं की रागावतात. रागावून घ्यायलाही लोक येतात.

परवा बुलढाण्याहून एक जोडपं आलं. गृहस्थांनी इस्त्रीचा शर्ट सावरत पिशवीतून पितळी पातेलं काढलं आणि जरा संकोचून विचारलं, "ते फुकटचं... आजच आहे ना?"

फारुखभाईंनी सवयीने छातीवर हात ठेवला. "आजच हाय, साहेब. फारुखची जबान हाय. बसा, भाता धरा."