टाकीत गोठलेलं पाणी

जर्मनीत, एर्लांगेनला आमच्याकडे राहायला आलेल्या सासऱ्यांनी मदत म्हणून गाडीच्या काचेवर पाणी मारायची टाकी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरली. पुण्यात ते दर रविवारी हेच करायचे. मला पत्ता लागला तो नोकरीतल्या आठ वर्षांच्या खंडानंतरच्या पहिल्या मुलाखतीला निघाले तेव्हा. बाहेर उणे सहा. बर्फ वितळावा म्हणून हायवेवर मीठ टाकतात; ट्रकांनी उडवलेल्या त्या मिठाच्या पाण्याने काच पांढरी झाली आणि फवारा काही उडेना. दोन पेट्रोल पंपांवर थांबून तिथल्या बादलीतल्या स्पंजने काच पुसली. चार मिनिटं आधी पोहोचले.

संध्याकाळी बाबा खजील झाले. "अगं, मी चांगल्यासाठीच केलं."

"बाबा, इथे पाण्यात फ्रॉस्टशुट्झ घालतात, गोठू नये म्हणून. चला, दाखवते."

तळघरातल्या उबदार पार्किंगमध्ये बर्फ वितळू दिला, साधं पाणी फवारून संपवलं, उणे वीसपर्यंत टिकणारं द्रावण भरलं आणि ते नळीतही पोहोचावं म्हणून पुन्हा फवारलं. बाटली बाबांनीच ओतली.

नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी निघाले, तर बाबा कानटोपी घालून गाडीपुढे उभे.

"आधी फवारा मारून दाखव. मग जा."