चांदनी चौकात घरचा डबा

वडील फौजेतून शिपाई म्हणूनच सुटले आणि कँटोन्मेंटमधलं क्वार्टर गेलं. दिल्लीतच, पहाडगंजात एक खोली मिळाली. पाणी खालच्या नळावरून भरायचं. खिडकी होती, पण ती शेजारच्या हॉटेलच्या जिन्यात उघडायची. वडील एका गोदामावर चौकीदार झाले. तेवढ्यात भागेना, म्हणून आईने डबे सुरू केले. महाराष्ट्रातून सरकारी नोकरीवर आलेली एकटी माणसं आईकडचा डबा खायची. म्हणजे लोकांनी हॉटेलात खाऊ नये, यावर आमचं घर चाललं होतं. बाहेरचं खाणं ही आमच्याकडे नुसती उधळपट्टी नव्हती, फितुरी होती.

अशा घरात मी बी.ए. झालो. घराण्यातला पहिला. हे मी पुन्हा एकदा सांगणार आहे, तयारीत राहा. आईने सर्टिफिकेट फ्रेम करून देवांशेजारी लावलं. उदबत्ती दोघांनाही ओवाळली जायची. वडील म्हणाले, आता क्लार्कच्या परीक्षेला बस. मी म्हणालो, मी प्रवासवर्णनं लिहिणार.

"फिरायचे पैसे कोण देतं?" वडील म्हणाले. "मी सगळा देश फिरलो, तो फौजेने फिरवला. तोही ट्रकच्या मागे बसून. दिसली ती धूळ."

शेवटी ठरलं, एक लेख छापून आला तर बघू. नाही आला तर परीक्षा.

लांब जायला भाडं नव्हतं, म्हणून प्रवासाला मी चांदनी चौक निवडला. चालत जाता येतं. पण निघालो असा, की जणू बद्रीनाथला चाललोय! गळ्यात मफलर, खिशाला दोन पेनं, डोळ्यांवर मित्राचा गॉगल. आईने डबा दिला होता: भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. दिवसभर हिंडलो. कुणाशी बोललो नाही, कारण पदवीधराने रस्ता विचारणं बरं दिसत नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर, गर्दीकडे पाठ करून, डबा संपवला. घरी येऊन 'काळाच्या उदरात गडप झालेली साम्राज्ये' असं बरंच काही लिहिलं आणि पुण्याच्या एका मासिकाला धाडलं.

संपादकांचं पोस्टकार्ड आलं. 'साम्राज्ये गेली हे वाचकांना ठाऊक आहे. तुम्ही तिथे खाल्लं काय? बोललात कुणाशी? ते लिहून पाठवा, मग पाहू.'

खाल्लं काय, तर पिठलं!

आईला म्हणालो, "उद्या डबा नको."

तिचा भाकरी थापता हात थांबला. "का? बी.ए.च्या जिभेला माझं अळणी लागायला लागलं?"

"तसं नाही गं. कामासाठी चाललोय."

"कामाला जाणारे सगळे माझाच डबा नेतात."

डबा न्यावाच लागला.

या वेळी एका हलवायाच्या बाकावर बसलो आणि बेडमी मागवली. बेडमी म्हणजे उडदाच्या डाळीचं सारण भरलेली पुरी, सोबत बटाट्याची भाजी. पुरी येईपर्यंत भूक धरवेना. हाताने सवयीने डबा उघडला.

"ओ बाबूजी!" कढईमागून हलवाई ओरडला. "मेरी दुकान में अपना टिफिन? कल बिस्तर भी ले आओगे?"

सगळा बाक हसला. "माँ ने दिया है," मी पुटपुटलो. बी.ए.चं सगळं हिंदी तेवढंच निघालं.

"माँ का है? फिर ठीक है. दिखा, क्या है."

मी थोडंच घ्या म्हणेपर्यंत त्याने बोटभर ठेचा तोंडात टाकला होता. मग तो खाली बसला, तांब्याभर पाणी प्यायला, डोळे पुसले. "ये खाके ज़िंदा हो तुम लोग?" लगेच त्याने शेजारच्या अत्तरवाल्याला हाक मारली, एकट्यानेच का मरायचं म्हणून. मग एक रिक्षावाला आला. जो तो चाखायचा, शिव्या द्यायचा आणि बाकावर टेकून बोलत राहायचा. कोण कुठल्या गावाहून आला, कुणाचं दुकान कुणाच्या आजाने मांडलं, मला काही विचारावंच लागलं नाही. निघताना हलवायाने चार बेडम्या बांधून दिल्या. "माताजी को देना. बोलना, बदला है."

आईने पुडक्याकडे पाहिलं, हात लावला नाही. "हे घरात कशाला आणलंस?"

"तुझा ठेचा खाऊन रडला तो."

"रडला?" तिचा चेहरा उजळला. तिने उभ्यानेच तुकडा मोडला. "हिंग जास्त आहे." दुसरा तुकडा मोडला. "डाळ वाटून घालतो की भरडून?"

"विचारलं नाही."

"मग दिवसभर केलंस काय? जा, विचारून ये."

वडील पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "जा बाबा, आता हुकूम आलाय."

विचारून आलो. लेख तिच्या प्रश्नापासूनच सुरू केला आणि तो छापून आला. परीक्षेला मी बसलो नाही. आज प्रवासावरची माझी पुस्तकं आहेत. दिल्लीच्याच द्वारका वसाहतीतलं घर बायकोच्या नोकरीमुळे झालं हे खरं, पण दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली 'बी.ए., प्रवासलेखक' असं लिहिलेलं आहे, आणि ती पाटी वडिलांनी स्वतःच्या हाताने ठोकली आहे.