दाजींच्या व्हाइसमधला फ्लॉवर

जगात ज्या ज्या वस्तूला झाकण आहे ती आमच्या भिंगारच्या दाजींनी एकदा तरी उघडून पाहिलेली आहे, आणि जिला झाकण नाही तिला त्यांनी ते करून दिलेलं आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून त्यांनी हयात काढली. निवृत्त होऊन ते घरी बसले तेव्हा घरातल्या वस्तूंनी त्यांचा धसकाच घेतला असणार. पंख्याचा रेग्युलेटर झाला, शेगडीचा बर्नर झाला, मग ते शेजाऱ्यांकडे वळले. भजनी मंडळाची पेटी एका स्वराला खोकते, असं कुणीतरी सहज म्हणालं. दाजींनी ती घरी आणून तिचे सगळे स्वर ओसरीवर वर्तमानपत्रात मांडून ठेवले. परत बसवताना एक पट्टी उरली. "उरली म्हंजे तिची गरज नव्हती," दाजी म्हणाले. मंडळ अजून त्या स्वराला वळसा घालून गातं.

त्यांना उत्तरं किती येतात हा प्रश्न वेगळा. प्रश्न पडणं हा त्यांचा धंदा, उत्तर मिळालंच तर तो जोडधंदा. माझ्या पुतणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ते गायब झाले. शोधलं तर मंडपामागे जनरेटरवाल्याला "ह्यो एवढा थरथरतो कशानं?" असं विचारत होते, आणि मुठीतल्या अक्षता शेवटी जनरेटरलाच पडल्या. एकदा दहाव्याला सगळे कावळा शिवायची वाट बघत गंभीर चेहऱ्यानं उभे होते, तर यांनी भटजींना हळूच विचारलं, "कावळ्याला भाताचा वास येतो का नुसता दिसतो?" भटजींनाही ते ठाऊक नव्हतं. पण तेव्हापासून तेही विचारात पडलेले दिसतात.

आक्का याच्या अगदी उलट. तिला जन्मात कधी प्रश्न पडला नाही, कारण तिला सगळं हातानंच ठाऊक. आम्ही मूळचे तिसगावकडचे. परकर नेसायच्या वयात आक्का भाकरी थापायला बसली, ती अजून उठलेली नाही म्हणा ना. तिच्या पिठाला माप नसतं. परातीत हात गेला की हातालाच कळतं. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवाव्यात तर तिनंच. आमच्या नात्यातलं एकही बाळ आक्काच्या गोधडीशिवाय निजलेलं नाही.

तर अशा या आक्काला शुगर निघाली आणि पाठोपाठ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. माणसं ती आवाजावरून ओळखू लागली. अर्धी शिवलेली गोधडी ट्रंकेवर पडून राहिली. दाजी रोज सकाळी सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे, पण टाका कुठं पडतोय तेच दिसेना, तिथं नुसती सुई ओवून काय उपयोग? एकदा तिनं चहाच्या आधणात मोहरी टाकली, आणि दाजी तिला थांबवायचं सोडून ती तडतडत का नाही ते बघत उभे राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी शुगर खाली आणा, मगच ऑपरेशन. भात बंद झाला, भाकरी अर्ध्यावर आली, मैद्याचं तर नावच काढायचं नाही. ऑपरेशनची तारीख मात्र पुढंपुढंच जात राहिली.

आक्कानं भाताचं दुःख केलं नाही. तिला वाईट वाटलं ते पिझ्झ्याचं. पुण्याला लेकीकडे गेली असताना तिनं तो पहिल्यांदा खाल्ला होता. "भाकरीवर कालवण वाळवलंय नुसतं," ती म्हणाली होती, "पन ग्वाड लागतंय." त्या एका खाण्यावर ती पुढं कैक महिने बोलत होती. मैदा बंद झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "तेवढा पिझ्झा मातुर पुन्यांदा खायाचा राहिला." हे तिनं अशा आवाजात सांगितलं की दाजी उठले आणि मोबाईल घेऊन बसले. त्यात कुठल्याशा बाईनं मैद्याचा कणही न घालता फ्लॉवर किसून पिझ्झ्याची पोळी केली होती. उभ्या जन्मात स्वतःचा चहाही न केलेले दाजी दुसऱ्या दिवशी भिंगारच्या बाजारात भाजीवालीपुढं उभे राहिले आणि एकेक गड्डा कानाशी हलवून विचारू लागले, "बाई, ह्यात पानी किती असंल?" भाजीवाली म्हणाली, "आजोबा, तुमाला भाजी पायजे का हीर?"

पण प्रश्न बरोबर होता. फ्लॉवरची सगळी गोम पाण्यातच आहे. किसून वाफवला की तो इतकं पाणी सोडतो की हा कोरडा गड्डा ते ठेवत कुठं होता, असं आपल्यालाही वाटू लागतं. दाजींना तर ते वाटून वाटून जेवण गोड लागेना. हातानं पिळून भागेना म्हणून त्यांनी परसातल्या टेबलावरचा व्हाइस मोकळा केला. व्हाइस म्हणजे लोखंडी जबड्यात वस्तू आवळून धरणारं फिटरचं अवजार. तो स्वच्छ धुऊन, पंचात फ्लॉवरची पुरचुंडी बांधून, दोन पाटांच्या मध्ये ती ठेवून दाजींनी दांडा फिरवला. मी तिथं हजर होतो. पाण्याची धार खालच्या भांड्यात पडली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "पाव्हणं, बघा," ते म्हणाले, "आजवर आपन पानीच इकत घेत हुतो."

पाणी गेलं, पण पोळी काही धरेना. मोबाईलमधली बाई त्यात खुशाल अंडी फोडत होती. आमच्या आक्काच्या गळ्यात तुळशीची माळ, त्या घरात अंडं येणार कुठून? अंड्याच्या जागी दाजींनी जवसाची पूड घालून पाहिली, चीज वाढवून पाहिलं, कढईत मीठ तापवून त्यावर ताटली ठेवून भाजून पाहिलं. पहिली पोळी तव्याला अशी चिकटली की ती पत्र्याचा रंग खरवडायच्या पात्यानं काढावी लागली. दुसरी उलटताना उपम्याच्या रूपात खाली आली. कोबीची करपली. दुधीची तर झालीच नाही, तिची आमटी म्हणून वासलात लावली. प्रत्येक वेळी दाजी ओट्यापाशी उभे राहून "तुटला... तुटला..." म्हणायचे. ते ऐकून बाहेर बसलेल्या आक्काचा चेहरा उतरायचा. एकदा तिनं मला हळूच विचारलं, "लई वाईट दिसत्यात का रं त्ये?" मी म्हटलं, पोळी की दाजी? ती म्हणाली, "दोनी."

पुढं दाजींनी आक्काला कामात घेतलं. दिसत नसल्यामुळे ती नुसती बसून असायची, ते त्यांना बघवत नव्हतं. किसायचं, वाफवायचं, आवळायचं दाजींनी आणि परातीत कालवायचं आक्कानं, अशी वाटणी झाली. ती कालवायला बसली की दाजी परसात व्हाइस धुवायला जायचे, कारण लोखंड ओलं ठेवलेलं त्यांना खपत नाही. आणि अशाच एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पाव्हणं, धरला! उचलला तरी धरतोय!" मी सावेडीहून तसाच स्कूटरवर निघालो. पोळी खरंच अख्खी होती, गोल होती, आणि दाजी तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून आवाज ऐकत होते. वर टोमॅटो, सिमला मिरची, चीज घालून आम्ही तिघांनी ती खाल्ली. आक्का चाचपडत एकेक तुकडा उचलत म्हणाली, "झ्याक झालाय वो." दाजी त्या रात्री पंख्याकडे न बघता झोपले असावेत.

मग एका दिवसाआड पिझ्झा होऊ लागला. आता महिन्याभरात शुगर खाली येणार आणि तारीख मिळणार, असा दाजींचा हिशेब. पण शुगर खाली येईना, उलट थोडी चढलीच. दाजी हादरले. त्यांनी आधी तपासायच्या मशीनवर संशय घेऊन ते उघडलं. ते मात्र त्यांना जसंच्या तसं बसवता आलं, हे त्यांच्या चिंतेचंच लक्षण. मग कांदा बंद केला, टोमॅटो बंद केला, शेवटी चीजही कमी केलं. पिझ्झा उघडा पडत चालला तरी आकडा हलेना. डॉक्टरांनी तारीख पुन्हा पुढं ढकलली. त्या दिवशी आक्का रिक्षातून उतरताना पायरी चुकली आणि पडता पडता वाचली. दाजी घरात येऊन एकही वस्तू न उघडता बसून राहिले, आणि मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.

त्यानंतरच्या रविवारी आक्का शेजारी डोहाळजेवणाला गेली होती. आम्ही दोघांनीच पोळी करायला घेतली. सगळं नेहमीचंच. तोच पंचा, तोच व्हाइस, तेच जवस. कालवायचं काम मी केलं. पोळी उलटायला गेलो तर तिचा भुगा. दुसरी केली, तिचाही भुगा. दाजींनी तव्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाव्हणं, आज एकच पार्ट कमी हाय."

"कुठला?"

"तुमची बहीन."

आक्का आली ती खणानारळाची पिशवी सांभाळत, भिंतीला हात लावत. तिला पाटावर बसवून दाजींनी अगदी हळू आवाजात विचारलं, "अगं, तू त्यात काय घालती गं?" आक्का आधी पदर नीट करत बसली, मग म्हणाली, "काय न्हाई. मूठ-दोन मुठी शाळूचं पीठ."

"पीठ?" दाजी खालीच बसले. "अगं, पीठ नको म्हनून तर ह्यो सगळा कारभार!"

"मग काय करू?" आक्काचा आवाज चढला. "तुमी रोज तितं उभं ऱ्हाऊन 'तुटला, तुटला' करायचा. मला दिसत न्हाई, पन ऐकू येतंय न्हवं? माज्या जिवाला लागायचं. हात परातीत गेला की कळायचं, ह्ये काय धरायचं न्हाई. पिठाबिगर कुटं काय थापलं जातं का?"

"आन् तुजी शुगर?"

"त्यात काय हुतंय, म्हनलं. तुमाला त्यो धरायचाच नाद हाय, तर धरू दे."

दाजी उठून परसात गेले. व्हाइसचा दांडा उगाच सैल केला, उगाच आवळला, आणि परत दारात येऊन उभे राहिले. "मला पिझ्झा कुटं करायचा हुता?" ते म्हणाले. "मला तुजी तारीख पायजे हुती डॉक्टरची." मग खोटं बोलता येत नाही म्हणून पुढं म्हणाले, "तसा नाद बी हाय." आक्का हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. माझंही काही फार वेगळं चाललं नव्हतं.

त्या दिवसापासून पीठ बंद. पोळी अर्थातच धरेना, आणि आक्का फ्लॉवरचा भुगा वाटीत घेऊन चमच्यानं खाऊ लागली, वर चीज, तिखट, आणि जोडीला शुगरच्या गोळ्यांचा मारा. संध्याकाळी दाजी तिचा हात धरून तिला रस्त्याच्या कडेनं फिरवून आणायचे. शुगर कुरकुरत उतरली. तारीख मिळाली, एक डोळा झाला, मग दुसरा. पट्टी निघाल्यावर आक्कानं आधी दाजींकडे पाहिलं. "लई पिकला की वो तुमी," ती म्हणाली. मग घरी येऊन तिनं तो प्रसिद्ध पदार्थ पहिल्यांदा धडपणे पाहिला आणि बराच वेळ बघत राहिली. "ह्योच व्हय त्यो? बरं झालं बाई, दिसत न्हवतं तवाच खाल्ला."

आता स्वयंपाकघर पुन्हा तिच्या ताब्यात आहे आणि ट्रंकेवरची गोधडी पुरी होऊन पुण्याला गेली आहे. सुया तिच्या तीच ओवते. दाजी ओसरीवर बसून असतात. उघडण्यासारखं घरात फारसं उरलेलं नाही, आणि ते बसलेले पाहिले की मला उगाच चुकल्यासारखं वाटतं. पण परवा मी गेलो तर आतून आक्काची हाक आली, "अवो, व्हाइस मोकळा हाय का?" दाजी तरुणासारखे उठले. त्यांनी फ्लॉवर आवळून दिला, आक्कानं कालवला, आणि या वेळी ते परसात न जाता तिच्या हातांवर डोळा ठेवून परातीपाशीच उभे राहिले. पोळी उलटली आणि नेहमीसारखी मधोमध फुटली.

"धरला न्हाई," दाजी पुटपुटले.

"तुटू द्या," आक्का तव्यावर वाकून एकेक तुकडा नीट बघून उचलत म्हणाली. "दिसतोय न्हवं मला."

मग कुठं दाजी व्हाइस धुवायला परसात गेले.