बांधावरून घेतलेली माती

"या मॅडम, या," म्हणत शेतमालक बांधापर्यंत सामोरा आला. पाणी विचारलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याचा आवाज चढला नाही की काही नाही. फक्त मॅडमची पोरगी झाली.

"पोरी, तू बांधावरच थांब. कालच येळवस झालीया. लक्ष्मी हाय वावरात. माती गडी देईल आणून."

देवणी तालुक्यातलं गाव. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात कडब्याची कोप घालून पूजा करतात, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून भज्जी-आंबील वाढतात. मी त्या वाटेनं जाणाऱ्यांतही बसत नव्हते.

मी लातूरला राहून एम.एस्सी. करते. मातीतला सेंद्रिय भाग वेगळा काढून तपासणं, हा माझा विषय. एका शेतात नऊ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, माती एकत्र करायची, त्यातली थोडी ठेवायची. हे सगळं स्वतःच्या हातानं. गड्यानं मात्र दहा मिनिटांत पिशवी भरून आणली. उघडून बघितली. काडीकचरा, शेणाचा वास. खताच्या ढिगाजवळचं उकरून आणलेलं. मला लगेच कळलं. तरी मी चिठ्ठीवर त्या शेताचा गट नंबर लिहिला आणि निघाले. बसमध्ये मला शेतमालकापेक्षा माझाच राग येत होता.

प्रयोगशाळेत माती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात हलवत ठेवली. कुजलेलं सगळं पाण्यात उतरतं, पाणी काळपट होतं. ते गाळून आम्ल घातलं की तळाशी काळा गाळ बसतो. तेच ह्युमिक आम्ल. बाकीच्या बाटल्यांत पातळसा थर होता. या बाटलीत बोटभर.

माझ्या गाईड सरांनी बाटली उचलून सगळ्या वर्गाला दाखवली.

"उकिरडा उकरून आणला का? तुमच्या लोकांना कष्ट नकोत, सवलत पाहिजे."

उकिरड्यापुरतं सर खरं बोलत होते. पोरं हसली. मी बाटल्या धूत राहिले.

दोन दिवसांनी केबिनमध्ये जाऊन खरं सांगितलं. सरांनी मान वर केली नाही. शेजारच्या शेताचा आकडा घे, थोडा इकडेतिकडे कर, म्हणाले. प्रबंधात असले किस्से नसतात.

आकडा मी घेतला नाही. त्या जागी लिहिलं: 'हा नमुना मी घेतलेला नाही. जातीमुळे मला शेतात येऊ दिलं नाही. नमुना बाद.'

सरांनी ते खोडलं. मी पुन्हा टाईप केलं. पुन्हा खोडलं. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध पुढं जात नाही, आणि सही अडून राहिलीय. गावाकडं आई विचारते, कधी संपून राहिलंय तुझं शिक्षण. काय सांगू तिला? माझ्या हातात काही नाही. डिग्री गेली तर जाऊ दे, असं म्हणायची माझी ऐपतही नाही.

पण त्या वावरात मी उतरले होते, असं मी लिहिणार नाही. सही होवो, न होवो.